जर्सी घातली, लस टोचली का?

मैदानावरच्या भटक्या कुत्र्याला स्पर्धेचा शुभंकर, म्हणजे मॅस्कॉट, करायला माझी मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती हे सगळं फुकटात उरकण्याला.

कोकणात भाताची झोडणी आटोपली की मळे मोकळे होतात आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा मोसम लागतो. तो पार पावसाच्या तोंडापर्यंत चालतो. मळ्यात, कातळावर, शाळेच्या पटांगणात, देवळामागच्या माळावर आणि भरती-ओहोटी बघून किनाऱ्यावरसुद्धा. अलीकडे त्यात मॅटवरच्या कबड्डीची, किनारपट्टीवरच्या मॅरेथॉनची, सायकल फेऱ्यांची आणि समुद्रातल्या पोहण्याच्या शर्यतींची भर पडली आहे. स्पर्धा वाढल्या तशी प्रत्येक मंडळाला आपली वेगळी ओळख हवीशी वाटू लागली. बॅनरवर वाघ झाला, सिंह झाला, गरुड झाला. आता पाळी आली आहे मैदानाच्या कडेला रोज पडून असणाऱ्या कुत्र्याची. तो पोरांच्या ओळखीचा असतो, रीलमध्ये छान दिसतो आणि मानधन मागत नाही.

देवगड-मालवण पट्ट्यातल्या एका स्पर्धेत हा प्रकार जवळून बघायला मिळाला. कुत्र्याचं नाव बांगडो. पाठ काळसर, पोटाकडे रुपेरी पांढरा, म्हणून बांगडो. त्याला लहान मुलाची जर्सी घातलेली, बाह्यांतून पुढचे पाय बाहेर काढलेले, पाठीवर एक नंबर आणि खाली पुरस्कर्त्याचं नाव. उद्घाटनाला पाहुण्यांनी नारळ फोडला, त्यातल्या खोबऱ्याचा तुकडा बांगडोला मिळाला. समालोचक रंगात आला होता. ‘लाँग ऑनला उभो आसा आमचो बांगडो! बॉल घेवन पळालो तर चार रन!’ लोक हसत होते. मुंबईहून आलेल्या एका बाईंचा छोटा मुलगा आईच्या ओढणीमागे लपला, तर शेजारचे काका म्हणाले, ‘घाबरू नको रे बाबू, काय करूचो नाय तो, आपलोच आसा.’

मी बघत होतो ते बांगडोचे कान. दोन्ही अखंड.

निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला, तो भुलीखाली असतानाच, छोटी खाच देतात. पुन्हा तोच कुत्रा पकडून टेबलावर घेतला जाऊ नये म्हणून केलेली ही खूण. रेबीजची लसही बहुधा त्याच वेळी टोचली जाते. तेव्हा कान अखंड असेल तर शस्त्रक्रिया झालेली नाही आणि कोणी वेगळी खटपट केली नसेल तर लसही नाही, एवढं लांबूनच कळतं. मंडळाच्या एका पोराला विचारलं, लस दिली आहे का रे याला? तो म्हणाला, ‘लस? ती पंचायतीन बघूची.’ जर्सी मंडळाने बघितली, फोटो मंडळाने काढले, बॅनरवरची जागा मंडळाने दिली. लस तेवढी पंचायतीने बघायची.

माझा सगळा वाद या एका वाक्याशी आहे.

ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर कुत्राच होता. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधला वाल्डी, डॅक्सहुंड जातीचा, बुटक्या पायांचा. १९९२ च्या बार्सिलोनातला कोबी हासुद्धा कातालान मेंढपाळी कुत्रा, हाविएर मारिस्काल या चित्रकाराने काढलेला. पण हे दोघे चित्रातले. चित्रातला कुत्रा चावत नाही, त्याला जूनमध्ये भूक लागत नाही आणि स्पर्धा संपली की त्याला गुंडाळून कपाटात ठेवता येतं. जिवंत, बेवारस कुत्रा खेळात शिरतो तेव्हा गोष्ट वेगळी होते.

अशा शिरलेल्या कुत्र्यांच्या गोष्टी जगभर आवडीने सांगितल्या जातात. १९६२ च्या फुटबॉल विश्वचषकात, चिलीत, इंग्लंड आणि ब्राझीलचा उपांत्यपूर्व सामना चालू असताना एक कुत्रा मैदानात घुसला. भल्याभल्यांना चकवणाऱ्या खेळाडूंना त्याने चकवलं. शेवटी इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जने स्वतःच चार पायांवर येऊन त्याला धरला आणि कुत्र्याने त्याची जर्सी भिजवून परतफेड केली. ब्राझीलचा गारिंचा त्या कुत्र्यावर इतका खूश झाला की त्याला घरी घेऊन गेला. २०१४ मध्ये अमेरिकेत मिलवॉकी ब्रूअर्स या बेसबॉल संघाच्या ॲरिझोनातल्या सराव शिबिरात एक मळकट पांढरं कुत्रं येऊन राहिलं. त्याचं नाव हँक पडलं. त्याच वर्षी इक्वेडोरच्या जंगलात एका साहसी शर्यतीत मिकाएल लिंडनोर्डच्या स्वीडिश चमूमागे, एक मांसाचा गोळा खायला मिळाला म्हणून, एक जखमी कुत्रा चालत राहिला. तो आर्थर. आणि २०१६ मध्ये चीनमधल्या २५० किलोमीटरच्या गोबी शर्यतीत डिऑन लिओनार्ड या धावपटूच्या पायाशी पायाशी जवळपास निम्मं अंतर धावलेली छोटी कुत्री, गोबी.

आपल्याकडे या गोष्टी फॉरवर्ड होतात त्या फोटोपाशी थांबतात. मूळ गोष्ट मात्र फोटोनंतर सुरू होते. हँकला संघाने आधी दवाखाना दाखवला, मग त्याच्या नावाच्या टोप्या-टीशर्ट विकले, त्यातला वाटा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिला, आणि कुत्रा संघाच्याच एका अधिकाऱ्याच्या घरी राहायला गेला. आर्थरवर उपचार झाले, कागदपत्रं झाली, स्वीडनमध्ये पोहोचल्यावर त्याला काही महिने विलगीकरणात काढावे लागले, तेव्हा कुठे तो लिंडनोर्डच्या घरी गेला. गोबी मधेच हरवली, सापडली, तिलाही महिनोन्‌महिने थांबावं लागलं. कोणीतरी दारावर पाटी लावल्यासारखं सांगितलं, हा कुत्रा आता माझा. चावला तर मला विचारा, आजारी पडला तर मला सांगा. आपण त्यातली जर्सी तेवढी उचलली.

याच २०१४ सालात उलटी बाजूही दिसली. रशियातल्या सोचीत हिवाळी ऑलिंपिक होतं. शुभंकर होते हिमबिबट्या, ध्रुवीय अस्वल आणि ससा, तिघेही गोजिरवाणे. शहरातली भटकी कुत्री मारण्याचं काम एका खासगी कंपनीकडे दिलेलं होतं. रौप्यपदक जिंकलेला गस केनवर्दी हा अमेरिकन स्कीपटू तिथल्या पिल्लांना अमेरिकेत न्यायच्या खटपटीत पडला म्हणून जगाने त्यांच्याकडे पाहिलं, नाहीतर अस्वलाचे आणि सशाचे फोटोच लक्षात राहिले असते.

आपल्याकडची ताजी गोष्ट दिल्लीची. २०२५ मध्ये नवी दिल्लीत जागतिक पॅरा ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. शुभंकर होता विराज, पायाला धावण्याचं पातं लावलेलं हत्तीचं पिल्लू. कल्पना खरोखर सुंदर. पण ३ ऑक्टोबरला जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये केनियाच्या आणि जपानच्या अशा दोन प्रशिक्षकांना कुत्रे चावले आणि बातम्या हत्तीच्या नव्हे, कुत्र्यांच्या झाल्या. मग ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडा संकुलं, बसस्थानकं नि आगारं, रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री हलवा, निर्बीजीकरण आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, पुन्हा त्याच जागी सोडू नका. त्याआधी २२ ऑगस्टला याच न्यायालयाने दिल्ली परिसराबाबतचा आपला कडक आदेश सौम्य करून, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीच्यांना उपचारांनंतर मूळ जागी सोडा, असं म्हटलं होतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचंही सूत्र तेच आहे. म्हणजे गावातल्या कुत्र्याला मूळ जागी सोडायचं, पण ती मूळ जागा क्रीडा संकुल असेल तर नाही.

आता हे कोकणात लावून बघा.

आमच्याकडे क्रीडा संकुल तालुक्याच्या गावी एखादं. बाकी खेळ चालतो तो उघड्यावर. मळा वर्षातले सहा महिने भाताचा असतो, मग गुरांचा, मग क्रिकेटचा. किनारा सकाळी रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचा, दुपारी पर्यटकांचा, संध्याकाळी पोरांचा. या जागांना कुंपण नाही, फाटक नाही, पहारेकरी तर नाहीच. कुत्रा तिथे बाराही महिने असतो. स्पर्धा येते ती चार दिवसांसाठी. तेव्हा घुसखोर नेमका कोण, याचं उत्तर दिल्लीच्या स्टेडियममध्ये मिळतं तितकं सरळ इथे मिळत नाही. आणि समजा हलवायचं ठरवलं, तर हलवून ठेवायचं कुठे? जुने कोंडवाडेसुद्धा गुरांसाठी होते. तालुक्यात कुत्र्यांचा निवारा कुठे आहे, हे आपापल्या पंचायत समितीत विचारून पाहा. उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

म्हणून न्यायालयाच्या आदेशावर रागवण्यात किंवा नाचण्यात कोकणाने फार वेळ घालवू नये असं मला वाटतं. आमचा प्रश्न हलवण्याचा नाही, ओळखीचा आहे. आणि ओळख आमच्याकडे पुरेपूर आहे. कोकणातल्या वाडीत खऱ्या अर्थाने भटका कुत्रा तसा कमीच. तो कुणाच्या मालकीचा नसतो, पण या घरचा उरलेला भात, त्या घरच्या माशांची डोकी, मागीलदारी सकाळची हजेरी, असं त्याचं सगळं ठरलेलं असतं. रात्री परका माणूस पाणंदीत शिरला की तोच पहिला भुंकतो. वाडीतली पोरं त्याला नावाने ओळखतात, त्याची आई कोण तेही सांगतात. मुंबई-पुण्याच्या महानगरपालिकांना कुत्र्यांची गणना करायला माणसं लावावी लागतात. आमच्या मंडळाच्या बैठकीत ती अर्ध्या तासात तोंडी होईल.

पण या ‘आपलोच आसा’मध्ये एक मोठी फसवणूकही आहे. आपल्या माणसाला चावत नाही म्हणजे कुणालाच चावत नाही, असं आपण गृहीत धरतो. वाडीतला कुत्रा वाडीतल्या माणसाला ओळखतो. स्पर्धेला येतो तो बाहेरचा माणूस, दुचाकीवरून, ढोल घेऊन, रात्री प्रखर दिव्यांत. लाउडस्पीकरच्या भिंती आणि विजयी संघाचे फटाके यांनी कुत्रा आधीच बिथरलेला असतो. एप्रिलच्या घामट उकाड्यात अंगाला चिकटलेली पॉलिस्टरची जर्सी आणि सेल्फीसाठी गळ्यात पडणारी दहा पोरं. त्याने गुरगुरलं तर चूक त्याची म्हणवत नाही. आणि तो आईच्या ओढणीमागे लपलेला मुलगा भित्रा नव्हता. तिथल्या मोठ्या माणसांपेक्षा शहाणा होता.

शहाणा का, ते सांगायला एक खेळाडूच पुरेसा आहे. २०२५ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातला बावीस वर्षांचा राज्यस्तरीय कबड्डीपटू रेबीजने गेला. नाल्यात पडलेलं पिल्लू त्याने बाहेर काढलं होतं, तेव्हा ते बोटाला चावलं. पिल्लूच तर आहे, काय व्हायचंय, म्हणून त्याने लस घेतली नाही. दोनेक महिन्यांनी लक्षणं दिसली, आणि रेबीजची लक्षणं दिसल्यावर करण्यासारखं जवळपास काहीच उरत नाही. त्या मुलाच्या मनात द्वेष नव्हता, निष्काळजीपणाही म्हणवत नाही. त्याने दया केली होती. भूतदया आणि लस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली दुसरीची जागा घेत नाही, हे मला कुठल्याही आकडेवारीपेक्षा या एका बातमीने जास्त पटवलं. आकडे हवेच असतील तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) सर्वेक्षणातून आलेला अंदाज आहे: देशात वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणिदंश, त्यांतले तीन चतुर्थांश कुत्र्यांचे, आणि रेबीजचे सुमारे ५,७०० मृत्यू. चावा झाल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, त्याच दिवशी पहिली लस घ्यायची, कातडी फाटून रक्त आलं असेल तर जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. हे स्पर्धेच्या मांडवात किती जणांना माहीत असतं? मी पाहिलेल्या मांडवात हळद तयार होती.

दुसरा आक्षेप कोकणाचाच आहे आणि तो मला जास्त छळतो. किनाऱ्यावरच्या क्रिकेटचा मोसम आणि ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा मोसम बराचसा एकच. कासवांचा नोव्हेंबर ते मार्च. रात्री मादी वाळूत येते, खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि परत जाते. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायचं काम सुरू केलं, पुढे ते आंजर्ले, गुहागर असं किनाराभर पसरलं. पहाटे जाऊन अंडी सुरक्षित कुंपणात हलवावी लागतात, त्याचं एक कारण माणूस, दुसरं कोल्हे आणि कुत्रे. कुत्र्याचं नाक वाळूखालची अंडी सहज शोधतं. आता स्पर्धेच्या चार दिवसांत किनाऱ्यावर पडलेल्या बिर्याणीच्या पत्रावळी, चायनीजचे खोके, कोंबडीची हाडं डोळ्यांसमोर आणा. आजूबाजूच्या चार वाड्यांतले कुत्रे तिथे जमतात. पाचव्या दिवशी मांडव उठतो, कुत्रे उठत नाहीत. ते वाळू हुंगत फिरतात. ज्या गावाने कासव महोत्सवावर नाव आणि चार पैसे कमावले, त्याच गावाने किनाऱ्यावर कुत्र्याला शुभंकर करून खाऊ घालावं, हे मला विसंगत वाटतं. तिथे स्पर्धा घ्याच, पण मग शुभंकर कासव करा आणि उष्टं-खरकटं सूर्य मावळायच्या आत उचला.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग एवढी भानगड कशाला, कुत्रा नकोच शुभंकर म्हणून. मला नेमकं उलट वाटतं, आणि त्याचं कारण बांद्याच्या पलीकडे आहे.

पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. तीच माती, तीच भातशेती, तोच बांगडा, तसेच कुत्रे. तिथे मिशन रेबीज या संस्थेने राज्य सरकारबरोबर वर्षानुवर्षं दारोदार, गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली, वर्षाला ९५ हजारांच्या घरात. शाळाशाळांतून मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर घेणारी चोवीस तासांची यंत्रणा ठेवली. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार राज्यातून माणसांचा रेबीज हद्दपार झाला आणि कुत्र्यांमधला ९२ टक्क्यांनी घटला. कुत्रे मारून नव्हे, उचलून नव्हे. एखाद्या भागातल्या सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला पुढे सरकायला वाट उरत नाही, एवढ्या एका साध्या हिशेबावर. नाक्यावर गाड्यांचे परवाने तपासतात. कुत्र्यांचे कोणी तपासत नाही. सावंतवाडी-दोडामार्गच्या कुत्र्यांना लस नसेल तर गोव्याची मेहनत पाण्यात, आणि असेल तर आमचीही मुलं निर्धास्त.

आणि ७० टक्क्यांचा हिशेब कळला की एकट्या बांगडोला जर्सी घालण्यातला पोकळपणाही कळतो. एका कुत्र्यावरचं प्रेम विषाणूला अडवत नाही. वाडीतले दहा कुत्रे असतील तर सातांना सुई लागली पाहिजे. त्यात तो खरूज झालेला आला, तो दुचाकीमागे धावणारा आला, आणि जिला कोणीच शुभंकर करत नाही ती कुत्रीही आली.

तिच्याबद्दल थोडं बोललं पाहिजे. मी आजवर पाहिलेला प्रत्येक शुभंकर नर होता. रुबाबदार, शेपूट वळलेली. मादी व्यायलेली असते, आचळं लोंबत असतात, पिल्लांजवळ गेलं की अंगावर येते, ती फोटोत कशी चालेल? तिला हाकलतात. पिल्लांचं काय करायचं याची आमची रीत तर सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही: गोणपाटात भरून दुसऱ्या गावच्या तिठ्यावर, नाहीतर मासळी बाजारात सोडून यायचं. ती गावं आपली पिल्लं आपल्याकडे आणून सोडतात. अशी वर्षानुवर्षं देवाणघेवाण चालू आहे. निर्बीजीकरणाचा खरा प्रश्न या कुत्रीपाशी आहे, जर्सीतल्या नरापाशी नाही. प्राण्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आजकाल एवढ्यात एखाद-दुसरा वडापाव येतो, तेव्हा कायद्याच्या धाकाने कोणी सुधारेल ही आशा सोडलेली बरी.

असल्या चर्चेत युधिष्ठिर हटकून येतो. स्वर्गात न्यायला रथ आला तरी त्याने कुत्र्याला सोडलं नाही, म्हणून आपण कुत्र्यांवर प्रेम करावं, असं सांगतात. मूळ प्रसंग नीट पाहिला तर तिथे युधिष्ठिर प्रेमाबिमाचं बोलत नाही. जो माझ्या मागोमाग आला, माझ्या आश्रयाला आहे, त्याचा मी त्याग करणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे. रथ येण्याआधी, वाटेत कोसळेपर्यंत, कुत्र्याबरोबर चालणं बाकीच्या भावांनाही जमलं होतं. आमची मंडळं रथ येईपर्यंतची आहेत. मे संपतो, चाकरमानी परत जातात, १ जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. लिलाव नाही, जेटीवर फेकलेली मासळी नाही, किनाऱ्यावरचे स्टॉल ताडपत्रीखाली. त्या पावसात किनाऱ्याकडचा कुत्रा कसा जगतो ते बघायला कोणी समालोचक नसतो. बरगड्या निघालेली कुत्री मग महामार्गावरच्या ढाब्यांकडे सरकतात आणि तिथे गाड्यांखाली येतात.

म्हणून माझं म्हणणं, कुत्रा शुभंकर कराच, पण त्याची किंमत मोजा. मंडळाकडे काय नसतं? पंचवीस-तीस धडधाकट पोरं असतात, टेम्पो असतो, माईक असतो, प्रत्येक वाडीत पोचणारा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, आणि जिभेच्या टोकावर कुत्र्यांची नावं असतात. कुत्र्यांच्या लसीकरणात सगळ्यात अवघड काम लस टोचण्याचं नसतं, कुत्रा हाताशी येण्याचं असतं. परक्या माणसाला जाळं टाकावं लागतं तिथे वाडीतल्या पोराने ‘बांगडो, ये रे’ म्हटलं की काम होतं. स्पर्धेच्या आधी एक दिवस याच माणसांनी, याच मैदानावर लसीकरण शिबिर लावावं. खर्च तिसऱ्या क्रमांकाच्या बक्षिसातून निघेल, आणि बक्षिसात बोकड ठेवला नाही म्हणून एखादा संघ रुसला तर रुसू द्यावा. वर्षाने पुन्हा टोचावी लागते. स्पर्धाही दरवर्षी असतेच, तारीख लक्षात ठेवायची वेगळी गरज नाही.

निर्बीजीकरण हे मात्र मंडळाच्या आवाक्यातलं काम नाही, ते नियमाप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेने आणि स्थानिक स्वराज्य संस्थेनेच करायचं आहे. इथे पोरांचं ‘पंचायतीन बघूची’ बरोबर आहे. फक्त पंचायतीने बघावं म्हणून कोणी कागद द्यावा लागतो. मंडळाने वाडीवार कुत्र्यांची यादी करून, त्यात माद्या किती ते लिहून ग्रामपंचायतीला आणि पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना दिली, तर निदान ‘आकडेवारी उपलब्ध नाही’ हे उत्तर बंद होईल. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशींच्या कामात बुडालेला असतो, एका अर्जाने तो कुत्र्यांकडे वळणार नाही हे मलाही कळतं. पण दहा गावच्या दहा मंडळांचे अर्ज एकाच महिन्यात आले, आणि उद्घाटनाला नारळ फोडायला आलेल्या लोकप्रतिनिधीच्या हातात त्याची प्रत माईकवरून वाचून दिली, तर फरक पडतो. त्यांना माईकवरचं नाकारणं जड जातं.

आणि जर्सी? ती त्याच कुत्र्याला, ज्याचं लसीचं कार्ड मांडवात लावलेलं आहे आणि ज्याच्यासाठी पावसाळ्यातलं एक घर ठरलेलं आहे. घराचं नाव कार्डावर लिहा. घालायचीच तर सुती, आणि उद्घाटनापुरती दहा मिनिटं.

हे सगळं एका सचिवाला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘दादा, नियमावलीत आधीच सतरा कलमं आसत, वाचता कोण?’ खरं आहे. ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील’ हे एक कलम मात्र सगळ्यांना पाठ असतं, कारण भांडण तिथेच होतं. लसीकरणाचं कलम बरोबर त्याच्या वर छापा: ज्या संघाने आपल्या वाडीतल्या कुत्र्यांच्या लसीकरणाची यादी प्रवेश फीबरोबर दिली, त्याला फीमध्ये सूट. प्रवेशपत्रिका दिवाळीच्या आसपास छापायला जातात.